ठिपक्यांची रेघ

माझा बाप कधी लढला नाही.
एकोणतीस वर्षं कागदावर चौकोन आखत बसला
सुभेदार बाळगोंडा खोत, क्लार्क,
दिल्लीत तिन्ही दलांच्या सामाईक कचेरीत,
जिथं (तोच सांगतो) हिरवा, पांढरा, निळा गणवेश
एकाच किटलीपाशी ताटकळायचे,
आधी कप कुणी धरायचा ते ठरेस्तोवर.

आता राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या पोराच्या गणिताच्या वहीमागं
तो तोच तक्ता काढतो.
खाली तीन चौकोन, त्यांच्याखाली उतरंड:
कमांड, कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड,
पार टेंबलाईवाडीच्या पलटणीपर्यंत,
शिसं बोथट होईस्तोवर.
आणि वर, जरा बाजूला, एक एकटा चौकोन.

सरळ रेघ म्हंजे हुकूम. पाटाच्या पाण्यागत, वरनं खाली.
आणि ही ठिपक्याठिपक्यांची?
ही म्हंजे विचारायचं. सांगायचं न्हाई.

"मग या वरच्याचं सैन्य कुठाय?"
"त्याला सैन्य न्हाई."
"एक पण नाही?"
"खांद्यावर बाकीच्यांएवढ्याच चांदण्या. हाताखाली शिपाई न्हाई.
तिघास्नी एका टेबलाला बसवायचं
आणि उठताना तिघांच्या कागदावर
तारीख एकच हाय का बघायचं. एवढंच काम."
"मग तो मोठा कसा?"

बाप खोडरबर शोधायला लागतो.

मला त्या पुराचं साल आठवतं.
राजाराम बंधाऱ्यावर त्रेपन्न फूट,
शिरोळचा रस्ता पाण्यात,
मी शाळामास्तरीण, कलेक्टर कचेरीत ड्युटी,
भाकरीच्या पाकिटांची नोंद.
कोपऱ्यातल्या टेबलावर एक किरकोळ लेफ्टनंट कर्नल,
चिखलात बुडालेले बूट, समोर तीन फोन.
बोटी नौदलाच्या. हेलिकॉप्टर उजळाईवाडीला, ढगांखाली अडकलेलं.
ट्रक आणि जवान दुसऱ्याच कुणाचे.
त्याचं स्वतःचं काय, तर ती खुर्ची;
तीही शिक्षण विभागाकडून उसनी.

तो ओरडला नाही. रात्रभर
"विनंती आहे," एवढंच म्हणत राहिला,
एकदा या फोनात, एकदा त्या.
बोटीला डिझेल नव्हतं, ते ट्रकात होतं.
ट्रकाला वाट नव्हती, ती दुपारी वरून कुणीतरी पाहिली होती.
पाहिलेलं कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

पहाटे आमच्याच गावच्या शाळेच्या छपरावरून
अकरा माणसं उतरली, आणि एक शेळी.
दुसऱ्या दिवशी सत्काराच्या यादीत
बोटवाले होते, पायलट होता, ट्रकवाले होते.
मी यादी दोनदा वाचली.

बापाला सांगितलं तेव्हा तो हसला नाही.
म्हणाला, माझ्या हातनं एकदा चूक झालती.
मध्यरात्र, पाचवा मसुदा, डोळ्यावर झोप,
ठिपक्यांवरनं पट्टी फिरली आणि रेघ झाली अखंड.
तीन दिवस एक फाईल हलली न्हाई.
तिन्ही इमारतीत फोन: कोण कुणाच्या हाताखाली?
चौथ्या दिवशी एक व्हाइस ॲडमिरल
स्वतः माझ्या टेबलाशी आला.
माझे तर पाय गार.
त्यानं खिशातनं रबर काढलं,
ठेवलं माझ्यापुढं, आणि गेला.

तेच रबर तो अजून शोधतोय,
उशाखाली, चष्म्याच्या डबीत.

दोन वर्षं झाली, त्याचा उजवा हात कापतो.
हुकमाची रेघ ओढायला जातो
आणि कागदावर ठिपके पडतात.
"आबा, ही चुकली," पोरगं म्हणतं.
बाप वही लांब धरून बघतो,
डोळे बारीक करून,
आतून आई हाक मारते: चहा झालाय, या म्हणते.

आम्ही तिघंही उठतो.