पोटाला चिमटा

सॅकटनच्या दवाखान्यात दर मंगळवारी
माझ्या हातात चिमटा असतो,
स्प्रिंगचा, कंपनीच्या हमीपत्रासकट.
दंडामागची कातडी उचलायची,
जबड्यात धरायची, दोन अंक मोजायचे,
आकडा मोठ्यानं वाचायचा.
मग पाठ. मग कमरेच्या वरचं.
मग पट्टा गुंडाळून हवा भरायची
आणि ऐकत बसायचं,
रक्त कुठं दार वाजवतं, कुठं गप्प होतं.

डेल्फिना अँटोन, वय एकसष्ट.
दंड एकतीस. पाठ अडतीस.
दाब एकशे बासष्ट, खाली अठ्ठ्याण्णव.
"लिही, लिही," ती म्हणते,
"माझ्या आईलाही मोजलेलं. मावशीलाही.
तेव्हाचा चिमटा जड होता
आणि मोजणाऱ्याचे हात थंडगार.
तुझे बरे आहेत."

खिडकीतून हीला नदीचं पात्र दिसतं.
पात्र आहे. नदी नाही.
वरच्या अंगाला कुणी पाणी वळवून घेतलं
तेव्हा हिचे पणजोबा गव्हाला पाणी पाजत होते.
मग गहू गेला. मग सरकारी ट्रक आले,
पांढरं पीठ, साखर, चरबीचे डबे,
आणि त्यांच्यामागून, बरीच वर्षं उलटल्यावर,
आम्ही, चिमटे घेऊन.
नदी किती उरली, ते या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

मी तिला सांगत नाही की मीही मोजलेली आहे.
धारणीच्या अलीकडे, अंगणवाडीच्या ओट्यावर,
दंडाभोवती पट्टी: लाल, पिवळी, हिरवी.
मी लाल.
धाकटा भाऊ लालच्याही आत.
एक बाई ओरडून सांगायची, दुसरी लिहायची.
तो आकडा अजून कुठल्यातरी वहीत असेल.
भाऊ नाही.
आई तेव्हा पोटाला चिमटा काढायची आमच्यासाठी;
त्या चिमट्याला स्प्रिंग नव्हती,
तो उघडायचाच नाही.

डेल्फिना पिशवीतून कागदी पुडी काढते.
कुळथाहून जरा मोठे, तपकिरी दाणे.
"बाव," ती म्हणते. "पोरानं दोन वाफे लावलेत पुन्हा."
मी म्हणते, आमच्या मराठीत बाव म्हणजे विहीर.
ती हसते, सगळा दंड हसतो तिचा.
"याला विहीर लागत नाही. दोन पावसांवर येतं."

आणि मग, जणू ठरलंच होतं असं,
"आता तुझा हात."

ती पट्टा घट्ट ओढते, चुकीच्या बाजूनं, पण चालतं.
एकशे छप्पन्न. खाली शंभर.
मोठ्यानं वाचते, आम्ही वाचतो तसंच,
बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.
लहानपणी लाल निघालेल्यांचं पुढं असं होऊ शकतं,
त्याला शास्त्रात नाव आहे,
मी त्यावर परीक्षा दिली आहे,
बऱ्या मार्कांनी पासही झाले.

फॉर्मवर माझ्यासाठी रकाना नाही.
म्हणून ती माझं पेन घेते
आणि पुडीच्या पाठीवर लिहिते माझा आकडा,
त्याखाली:
रात्रभर भिजव.
मंद आचेवर, घाई नको.
मीठ शेवटी, चिमूटभर.

पुढचं नाव हॅरिसन एनोस. वय बावीस.
तो आत येतानाच बाही वर करतो,
न सांगता.