ताव

शिरोलीत एकतीस वर्षं साचे भरले.
वितळलेलं लोखंड किती वेळ लाल राहतं,
किती वेळ काळं दिसून आत जळत राहतं,
हे माझ्या बोटांना कळतं.
तरी स्वतःच्या डोक्यावरचा स्लॅब
कळायला रिटायर व्हावं लागलं.

पाचगावचं घर. दोन खोल्या अन् सोपा.
स्लॅब पडला त्या रात्री गल्ली जेवली,
सगळ्यांनी ताव मारला.
ऊन कुठनं येतं, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
पत्रा सुटला, एवढाच आनंद.

परवा चैत्रात, रात्री अकराला,
स्टुलावर चढून छताला पालथा हात लावला.
अक्काताई म्हणाली, "काय बघताय, ताप?"
म्हटलं, "ओतकाम अजून निवलं नाही.
दिवसभर सूर्यानं ओतलंय,
साचा फोडायला पहाट लागंल."

पोरगं एसीचं माहितीपत्रक घेऊन आलं, हप्त्यासकट.
भट्टीत बसून बर्फ खायचा
हा कुठला हिशेब?
आधी भट्टी विझवू.

दुकानातनं एक ताव कागद आणला, मोठा.
इंजिनियर सन्मती चौगुले, उजळाईवाडीची पोर,
तिनं तो गुंडाळूनच ठेवला.
"काका, आधी तुम्ही दोघं एक दिवस नुसतं बसा."
"कुठं?"
"बसावंसं वाटंल तिथं.
उठाल तेव्हा खूण करा."

रविवारी बसलो.
एक प्लास्टिकची खुर्ची, एक पाट, वाटीत फक्की.
सातला अंगणात. नऊला पायरीवर.
साडेअकराला आत, बाराला परत बाहेर,
शेजाऱ्याच्या शेवग्याच्या उसन्या सावलीत.
तीन ते सहा कुठंच नाही.
तीन ते सहा पश्चिमेची भिंत
आम्हाला आमच्याच घरातनं हाकलत होती.
सांजेला पांढऱ्या खुणा बघून सन्मती म्हणाली,
"झाला की नकाशा."

वारं कुठनं येतं ते अक्काताईला ठाऊक होतं.
वाळत घातलेले कपडे कुठं जाऊन पडतात,
इतकी वर्षं तीच उचलत आली.
अन् वाऱ्याच्या तोंडाची खिडकी
मी बुजवली होती, टीव्हीच्या शोकेससाठी.
"मी तेव्हाच म्हटलं होतं."
म्हटलं होतं. कुठं नोंद नाही,
पण म्हटलं होतं.

इलाही गवंड्यानं एकेक वीट सुटी काढली,
एकही फुटू दिली नाही.
"टाकू नका, टाकीच्या कट्ट्याला होतील."
शेवटच्या ओळीला वारं आत शिरलं
अन् पोराची खो-खोची ढाल खाली पडली.
बराच वेळ ती कुणी उचलली नाही.

मग स्लॅबला चुना.
जन्मभर लोकांनी आम्हाला लावला,
म्हटलं एकदा आपणही कुणाला लावू.
तीन हात, डिंक घालून, डोळे दिपेपर्यंत.
एक कावळा उतरला, बावचळला, गेला.

पश्चिमेला दुसरी भिंत धरली होती, जांभ्याची,
मधी चार बोटं पोकळी.
भट्टीला आम्ही असंच अस्तर घालायचो,
आतला ताव आत राहावा म्हणून.
इथं उलटं, बाहेरचा बाहेर.
राधानगरीवाल्यानं चिऱ्याचा दर सांगितला
तिथं वहीतलं पेन थांबलं.
लागत होते अठ्ठेचाळीस हजार.
उरले होते अकरा.
सन्मतीनं ती भिंत तुटक रेघेनं काढली,
खाली बारीक लिहिलं: पुढच्या वर्षी.

अक्काताईनं चष्मा लावून ते वाचलं,
काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पायाशी
दोडक्याच्या सहा बिया, अन् वरपर्यंत सुतळी.

आज वैशाख संपत आलाय.
वेल माझ्या खांद्याला लागलाय.
चार वाजता जाऊन भिंतीला हात लावतो:
खांद्याच्या खाली निवलंय.
वर अजून ओतकाम चालू.