अंगठा

जानेवारी. ट्रॉम्सोत सकाळचे नऊ,
म्हणजे खिडकीबाहेर अजून रात्रच,
म्हणजे आमच्या बालवाडीच्या बूट-खोलीत
चौदा लोकरी टोप्या, अठ्ठावीस बूट
आणि हातमोजे, ज्यांची मोजदाद
आजवर कुणालाच जमलेली नाही.

मी शिकाऊ बाई. सरावाचा दुसरा आठवडा.
कॉलेजनं दिलेली निळी वही खिशात.
रोज एक प्रसंग लिहायचा, खाली:
काय केलंस, का केलंस, पुन्हा कसं करशील.
परतीच्या बसमध्ये मी ते उरकून टाकायचे.

मंगळवारची नोंद:
‘आन्तेला हातमोजा घालता येत नव्हता.
मी मदत केली. मुलं वेळेवर बाहेर पडली.’
शेवटी पूर्णविराम, ठसठशीत,
स्वतःची पाठ थोपटल्यासारखा.

तुरिदनं वाचलं.
एकतीस वर्षं ती या खोलीत उकिडवी बसते आहे,
उठताना तिचे गुडघे कटकट वाजतात.
चूक म्हणाली नाही, बरोबर म्हणाली नाही.
समासात फिक्या पेन्सिलीनं एवढंच:
‘त्याचा अंगठा कुठे होता?’

अंगठा?
मला घड्याळ आठवलं,
दाराच्या फटीतून आलेला वारा,
कुणाची तरी चेन अडकली होती तेही.
अंगठा काही केल्या आठवेना.
हात हातात घेतला होता मी
आणि पाहिला नव्हता.

बुधवारी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसले.
आन्तेनं पाची बोटं एकाच घरात कोंबली.
अंगठ्याची पिशवी बाहेर रिकामी लोंबत राहिली.
त्यानं तिच्यात फुंकर मारली.
काढला. उलटा घातला. दातांनी ओढला.
मग अंगठ्याशी काहीतरी बोलला, सामीत,
जी मला येत नाही.
चार मिनिटं. सात.
बाकीची पोरं लोकरीत उकडत उभी,
योरुन रडायला लागली, आणि मग
सगळे थर अंगावर असतानाच तिला शू झाली.
तुरिद मुकाट्यानं तिला सोलायला लागली,
एकेक थर, कांद्यासारखा.
अकराव्या मिनिटाला अंगठा आपल्या घरी गेला.
आन्तेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
‘शाबास’ माझ्या जिभेवर तसाच विरघळला.

त्या रात्री चार पानं लिहिली.
तिसऱ्यावर ध्यानात आलं,
पुन्हा मी माझीच आरती ओवाळते आहे.
योरुनचं नाव कुठेच नव्हतं.
फाडणार होते. फाडलं नाही.
खाली लिहिलं:
नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्या नाड्या
बाबा बांधायचे, मायेनं, घाईघाईनं.
अजून माझी गाठ उलटी बसते.

तुरिदला विचारलं, हात कधी आवरायचा,
कधी पुढे करायचा, हे कळतं कसं?
ती ओले मोजे वाळवणीत टाकत होती.
म्हणाली, ‘काल मी योरुनला आधी न्यायला हवं होतं.
ते माझ्या वहीत आहे.’
तिची वही! मला वाटायचं,
वह्या फक्त आम्हालाच असतात.

एकवीस तारखेला, दोन महिन्यांनी,
डोंगराच्या खाचेतून सूर्यानं
चिमटीएवढं ऊन टाकलं.
आम्ही टेकडीवर जॅमचे बन खाल्ले.
आन्ते माझ्याकडे आला,
एका हातात बन, दुसऱ्यात काढलेला मोजा,
मोजा माझ्यापुढे धरून उभा राहिला.
घालू? थांबू? ठरेना.
मी गुडघ्यांवर बसले, बर्फातच.

आजची नोंद एवढीच:
अंगठा जॅमनं लाल होता,
नखाजवळ थोडासा फुटलेला,
आणि गार.