दोनशे चौदावा तुकडा

मोजणीदार आले त्या साली मी बारा वर्षांचा होतो.
साखळीचं दुसरं टोक धरायचे
दिवसाला आठ पेन्स मिळत.
शंभर कड्यांची साखळी; दंवात भिजली
की तळवे गंजाने लाल.
आई म्हणायची, आधी हात घास, मग पावाला शिव.

मिस्टर लिडियट वहीत आकडे मांडायचे, मी पळायचो,
कुंपणापासून ओढ्यापर्यंत,
ओढ्यापासून चर्चच्या भिंतीपर्यंत.
दहावी पेंढी, दहावं कोकरू, दहावं अंडं
मोजून घेण्याचे दिवस सरले होते.
देवाचा वाटा आता रोख हवा होता,
म्हणून सगळी पॅरिश कागदावर उतरत होती,
डुकरांच्या खुराड्यांसकट.

शेतांची नावं मात्र साखळीला कळत नाहीत.
ती मी सांगायचो.
'उपाशी टेकडी.' ते लिहून घेत.
'कोकिळेचा कोंडवाडा.' लिहून घेत.
'वाया गेले कष्ट' म्हटलं तेव्हा
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
चेष्टा नव्हती, साहेब. तिथे सलगमही लाकडासारखे निघतात.

मैलाच्या दगडापलीकडे, गायरानाच्या कडेला
जेबेझ प्रोबर्टचं घर.
एका रात्रीत बांधलेलं. आमच्याकडे म्हणत,
मावळतीला पहिली वीट आणि उजाडता धुराड्यातून धूर,
तर घर तुमचं.
मग दारात उभं राहून कुऱ्हाड भिरकवायची,
पडेल तिथवर जमीन.
जेबेझचा हात तेव्हा तरणा होता.
बावीस पावलं गेली, म्हणायचा. दरवर्षी एखादं पाऊल वाढायचं.

आम्ही साखळी टाकली. सव्वीस भरली.
(पुढे मला कळलं, रात्री कुंपण सरकवण्यातही
तो तितकाच तरणा होता.)

बायको केझाया दारात येऊन
एप्रनला हात पुसत राहिली, कोरडे हात.
जेबेझने विचारलं, 'माझं नाव येणार का त्यात?'
'येणार,' मिस्टर लिडियट म्हणाले, आणि शाई वाळवायला फुंकर मारली.

पुढच्या वसंतात नकाशा आला.
चर्चच्या मागच्या खोलीत टेबलाएवढा पसरलेला,
चारही कोपऱ्यांवर प्रार्थनेची पुस्तकं ठेवून.
जेबेझ रविवारचा कोट घालून आला.
वाचता येत नव्हतं. मला म्हणाला, 'तू वाच, पोरा.'

दोनशे चौदा. झोपडी व बाग.
अठ्ठावीस पर्च.
रकाना पहिला, मालक: स्क्वायर ऑकली.
रकाना दुसरा, वहिवाटदार: जेबेझ प्रोबर्ट.

मी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं
आणि तेवढंच वाचलं.

त्याने नावावरून अंगठा फिरवला,
गाभण मेंढीच्या पोटावरून फिरवावा तसा.
'बराच लांब लिहितात की मला,' म्हणाला.
व्हिकारसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते.
त्यांनी ऐकलं होतं. तेही गप्प राहिले.

नऊ वर्षं तो त्या रकान्यात सुखाने नांदला.
मग स्क्वायरच्या कारभाऱ्याने भाडं मागितलं,
आणि जेबेझ सगळ्यांना सांगत सुटला,
जमीन माझी आहे, लिहिलेलं आहे,
सेक्स्टनच्या पोराने मला वाचून दाखवलंय.

आज सेक्स्टन मीच आहे.
तीन कुलपांच्या पेटीत नकाशा आहे, एक किल्ली माझ्याकडे.
केझाया वर्कहाउसमध्ये वारली.
जेबेझला मी यू झाडाखाली पुरला,
जरा ऐसपैस खणून. कुणी मोजलं नाही.

घराच्या विटा रस्त्याच्या खडीत गेल्या.
गूजबेरीची झुडपं तेवढी कुंपणात राहिली आहेत.
जुलैत टोपीभर तोडून आणतो.
आंबट असतात. बायको म्हणते, साखर परवडत नाही तर आणता कशाला?
मी देठ खुडत बसतो.