देवगांडूळ

गगनबावड्याच्या वरल्या वाडीत, उकिरड्याच्या कडेला
धुळाप्पाचं खोरं अर्ध्यातच थांबलं.

"साप हाय."
"न्हवं. अंगावरची कडी बघ की."

जांभळट, ओलं, पेन्सिलीएवढं,
डोळे असून नसल्यागत.
वेटोळ्यात साबुदाण्यासारखी अंडी.
पिल्लं निघेतोवर आई जागची हलत नाही,
एवढंच मला ठाऊक;
बाकी वहीत कोरी पानं.

गेल्या साली इथंच तीन ठेचली,
त्यानंच सांगितलं, खाली बघत.

मग माती परत ओढली त्यानं,
खोऱ्यानं नाही, हातानं.
वर ओला पाचोळा.

मालकाला काय सांगणार?
"खडक लागला म्हणायचं.
खड्डा दोन हात पलीकडं."

मी वहीत तारीख लिहिली.
जागा लिहिली नाही.