वाघिणी

लोंढ्याला माझे बाबा वाघिणी मोजायचे.
शाळेत पहिल्याच दिवशी मी हे सांगितलं
तेव्हा पाटणेकर मास्तरांनी खिडकीबाहेरच्या रानाकडं बघितलं
आणि विचारलं, "किती सापडल्या?"
"काल त्रेसष्ट. त्यांतल्या अकरा रिकाम्या."

मष्णू घाडी, नंबरटेकर.
एका हातात कंदील, बगलेत वही,
कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करत
शेपटाकडून इंजिनाकडं चालत जायचे.
प्रत्येक वाघिणीपाशी कंदील वर:
नंबर काय, कुठली, कुठं निघालीय,
शिसं शाबूत आहे का, लेबल आहे का क्लिपेत.
घरी यायचे तेव्हा जीभ जांभळी.
आई म्हणायची, "ड्यूटीवर जांभळं खाता की ओ."

पहाटे हुबळीहून फोन:
"लोंढा, रिकाम्या किती?"
अकरा म्हटलं की तिकडून वाटणी सुरू.
चार टिनाईघाट, लाकडाला.
तीन खानापूर, कौलांना.
दोन देसूर.
दोन ठेव, सांगतो.

त्या "ठेव, सांगतो"पाशी
माणसं महिना महिना उभी असायची.
कौलवाले बसाप्पाण्णा रजिस्टरात नाव घालून बसलेले,
भट्टीबाहेर कौलांच्या थप्प्यांवर शेवाळ चढत चाललेलं.
एकदा त्यांचा गडी फणस घेऊन आला.
बाबांनी फणस ठेवून घेतला, वाघीण दिली नाही.
आठवडाभर आम्ही गरे खाल्ले,
आणि आई वर्षभर त्या गल्लीनं गेली नाही.

मग ते दिवस आले,
रात्रीतून स्टेशनच्या पाटीवर डांबर.
आज एका लिपीला, परवा दुसऱ्या.
बाबा डांबर ओलांडून यार्डात जायचे.
आकड्यांना कुणी हात लावला नव्हता.
पत्र्यावर हमालांनी खडूनं लिहिलेलं तसंच:
अर्धं मराठी, अर्धं कन्नड,
कडेला एक बाईचं नाव, तेही दोन्हींत.

सतरा हजार तीनशे चाळीस.
ही वाघीण पाच नंबरच्या साइडिंगला आली
ती लेबल हरवून.
कुठून, माहीत नाही. कुणाची, माहीत नाही.
हुबळी म्हणाली, आमची नाही. मिरज म्हणाली, पत्र पाठवा.
पत्रं गेली. आषाढ गेला, श्रावण गेला.
रोज पहाटे बाबा तिचा नंबर लिहायचे,
पुढचे रकाने मोकळे.

एका सकाळी गार्ड इनास धावत घरी आला,
"घाडी, तुझ्या वाघिणीक मिशो फुटल्यो!"

आम्ही सगळे गेलो बघायला.
दाराच्या फटीतून, शिशाच्या खालून,
हिरवे, बारीक, ताठ कोंब.
आत भात होतं. छत गळत होतं.
पोती आतल्या आत रुजली होती.
इनास हसून हसून रुळावर बसला.
बाबा हसले नाहीत.
पेन्सिल ओली केली, रकाने भरले.
माल: भात.
शेरा: उगवले आहे.

त्या दोन शब्दांचा खुलासा हुबळीनं तीनदा मागवला.
आम्हाला तिथून थोडी रोपं मिळाली,
आईनं ती क्वार्टरमागच्या डबक्यात लावली.
ओंबी आली, दाणा भरला नाही.

नंतर रूळ रुंद झाले.
पूर्वी मिरजेला प्रत्येक पोतं
छोट्या वाघिणीतून मोठीत पाठीवरून जायचं,
त्या पाठी कुठं गेल्या, कुठल्याच वहीत नाही.
छोट्या वाघिणी भंगारात निघाल्या, त्या दिवशी
बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती.
तरी गेले, कंदील नेला, भर दुपारी.
सगळे नंबर उतरवून आणले.
कुणी मागितले नव्हते.

आता मी देसूरच्या फाटकात अडकते.
अख्खी गाडी एकाच मालाची, एकाच गावची,
वाटणी नाही, "ठेव, सांगतो" नाही.
मागचे हॉर्न मारतात.
मी मोजते.
अठ्ठावन्न.
शेवटी गार्डाचा डबाही नाही,
नुसता एक लाल दिवा, लुकलुकत.