साडेदहाची सही

नवरा घरी आला मंगळवारी.
डोक्याला अकरा टाके, उजवा हात प्लास्टरात, गळ्यात बांधलेला.
त्याच कागदावर भाऊ सुटला गुरुवारी.
वकील अरुळमोळी म्हणाले, असंच असतं, बाई,
जखमी घरी गेला की जामिनाला वाट मिळते.
मी मान हलवली.
दोघं एकाच दाराने बाहेर आले म्हणायचे.

हुकूम इंग्रजीत होता.
कारकुनाने तमिळमध्ये सांगितला, तोही भरभर,
पुढचं नाव पुकारायचं होतं त्याला.
दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार:
बर्फाच्या कारखान्यातला तंगय्या,
आणि आमची आत्या,
घरपट्टीची पावती पदराच्या गाठीत घेऊन आलेली.
तूतुकुडीत पाऊल टाकायचं नाही.
अरुप्पुकोट्टैला राहायचं,
तिथल्या ठाण्यात रोज सकाळी साडेदहाला सही,
पुढचा हुकूम होईपर्यंत.
आणि साक्षीदारांना भेटायचं नाही,
बोलायचं नाही, फोन नाही, निरोप नाही.

साक्षीदार तीन.
मिठागराचा मुकादम, शेजारची सेल्वकनी,
आणि मी.

मी पाहिलं होतं ना सगळं.
फौजदाराने लिहून घेतलं:
मीठ ओढायचं लाकडी फावडं, दांडा सहा फुटी,
वार तीन.
त्याआधीचं त्याने विचारलं नाही.
आदल्या रात्रीचं नाही,
आणि त्या रात्रीमागच्या नऊ वर्षांचं तर नाहीच.
विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं मी,
शाळेत देतात तसं, उभं राहून.

विचारलं होतं एकट्या इसक्कीमुत्तूने.
अक्का, कानाला काय झालं?
मी म्हटलं, खारं पाणी गेलं.
तो वाढला मिठागरात.
खाऱ्या पाण्याने कान ठणकतो,
रक्त येत नाही,
हे मी कुणाला सांगत होते?

आता नवरा खाटेवर असतो.
डाव्या हाताने त्याला जेवता येत नाही,
मी पेज भरवते, फुंकर घालून.
साडेदहा वाजले की तो भिंतीकडे बघतो, म्हणतो,
केली असेल सही.
मीही तेव्हाच बघत असते.
घरात घड्याळ एकच आहे.

आत्या सांगते, मागाच्या कारखान्यात लागलाय,
रात्रपाळीला सुताचे गठ्ठे वाहतो.
पायांच्या भेगा भरून आल्यात म्हणे.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
हा निरोप नाही.
आत्या साक्षीदार नाही,
ती नुसती बोलते, मी नुसती भांडी घासते.

अठराव्या दिवशी मी एसटीत बसले.
सेल्वकनीला सांगितलं, दवाखान्यात जाते, कान दाखवायला.
अरुप्पुकोट्टैचं ठाणं पिवळं आहे,
समोर चहाची टपरी, बाजूला सायकलवाला.
मी सायकलींच्या मागे उभी राहिले.
दहा वाजून वीस मिनिटांनी तो आला,
इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल,
मुलगी बघायला निघाल्यासारखा.
टपरीशी थांबला.
मग मी दिसले त्याला.

रस्ता काही मोठा नव्हता.
एक बैलगाडीसुद्धा वळली नसती.
तो उभा राहिला आणि मी उभी राहिले.
त्याने हात वर नेला, स्वतःच्या कानापाशी,
आणि मध्येच केस सारखे केले.
चहावाल्याला दोन चहांचे पैसे दिले,
एक प्याला,
आणि आत गेला.

दारातून वही दिसत होती, त्याची पाठ दिसत होती.
तो सही करतो म्हणजे नाव लिहितो पूर्ण,
अक्षर अक्षर जोडत; मीच शिकवलं होतं, फळीवर ओल्या मिठात.
बराच वेळ लागला.
मी रस्ता ओलांडून दुसरा चहा घेतला.
साखर जास्त होती. मला लागते तेवढी.

संध्याकाळी घरी पोचले.
नवऱ्याने विचारलं नाही कुठे होतीस.
म्हणाला, केली असेल त्याने आज.
केली, मी म्हटलं.
मी पाहिली.

तो माझ्याकडे बघत राहिला.
हात अजून गळ्यातच होता.
प्लास्टर सोमवारी काढणार आहेत.